सहा वर्षे आधी कळलेली संख्या

२०२६ साली पहिलीच्या वर्गात पाऊल ठेवणारे मूल २०२० साली जन्मले. तेव्हा त्याच्या जन्माची नोंद झाली, पुढे त्याला लसी टोचल्या गेल्या, बहुधा अंगणवाडीच्या नोंदवहीतही त्याचे नाव चढले. म्हणजे शाळेच्या दारात उभे राहण्यापूर्वीच शासनाच्या निदान तीन खात्यांना ते मूल ठाऊक झालेले असते. आता ते ज्याच्या हवाली होणार, त्या शिक्षण खात्याला मात्र ते दर वर्षी अवचित उगवल्यासारखे वाटते. देशातल्या कोणत्याही वाढत्या शहराच्या कडेला प्रवेशाच्या दिवसांत गेले की हे आश्चर्य पाहायला मिळते. वर्ग भरलेले असतात, व्हरांड्यात सतरंज्या अंथरलेल्या असतात आणि वाढीव खोल्यांचा प्रस्ताव ‘विचाराधीन’ असतो.

काही वर्षांपूर्वी दिल्लीत यमुनेपलीकडच्या एका सरकारी शाळेत मी गेलो होतो. सहावीच्या एका तुकडीत इतक्या मुली होत्या की मागच्या रांगेतल्या मुलींना फळा दिसण्यासाठी उभे राहावे लागत होते. मुख्याध्यापिकाबाईंनी मला एक साधी वही दाखवली. आसपासच्या महापालिका शाळांत तिसरी, चौथी आणि पाचवीत किती मुली आहेत, याची त्यांनी स्वतः विचारपूस करून केलेली टिपणे तीत होती. दिल्लीत महापालिकेच्या शाळा पाचवीपर्यंत असतात आणि त्यांतली बहुतेक मुले सहावीला दिल्ली सरकारच्या शाळेत येतात. त्यामुळे आज तिसरीत असलेल्या मुली तीन वर्षांनी आपल्याकडे येणार, हे त्या बाईंना कोणी सांगावे लागले नव्हते. त्यांनी वर तसे लिहूनही पाठवले होते. प्रवेश पूर्ण होऊन पटसंख्या निश्चित झाल्यावर मागणी सादर करावी, असे उत्तर आले. बाईंना त्याचा राग आलेला दिसला नाही. उत्तराचा कागद त्यांनी त्याच वहीत नीट घडी घालून ठेवला होता.

शालेय क्षमतेच्या नियोजनाबद्दल मला जे म्हणायचे आहे, ते बरेचसे त्या वहीत आहे. आपण मुले मोजतो, पण ती येऊन बसल्यावर. आणि जी येणार आहेत हे ठाऊक असते, त्यांच्यासाठी खोली बांधण्याची सोय आपल्या कार्यपद्धतीतच नाही.

सरासरीचा दिलासा

दिल्लीतील एखाद्या सनदी अधिकाऱ्यासमोर हा विषय काढला, तर तो एक आकडा पुढे करील आणि तो आकडा खरा आहे. देशातील एकूण शालेय पटसंख्या घटते आहे. ‘यूडायस प्लस’ या शासकीय माहिती प्रणालीनुसार २०२२-२३ मध्ये ती २५.१७ कोटी होती, २०२३-२४ मध्ये २४.८० कोटी आणि २०२४-२५ मध्ये २४.६९ कोटी. विद्यार्थ्यांची वैयक्तिक नोंद सुरू झाल्याने दुबार नावे गळाली, हे त्यामागचे एक कारण आहे. दुसरे कारण अधिक खोल आहे. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (२०१९-२१) देशाचा एकूण जननदर २.० वर आला, महाराष्ट्राचा १.७, केरळ व तामिळनाडूचा १.८. २०१८-१९ च्या आर्थिक पाहणी अहवालाने तर एक संपूर्ण प्रकरण लिहून सांगितले होते की शाळेत जाणाऱ्या वयाची लोकसंख्या घटणार असल्याने यापुढे नव्या प्राथमिक शाळा उभारण्यापेक्षा आहेत त्या शाळा एकत्र करण्याचा विचार करावा.

शिक्षकांचे चित्रही कागदावर सुखावह आहे. २०२४-२५ मध्ये देशातील शिक्षकांची संख्या प्रथमच एक कोटीच्या पुढे गेली. पायाभूत टप्प्यावर एका शिक्षकामागे सरासरी १० विद्यार्थी, पूर्वाध्ययन टप्प्यावर १३ आणि उच्च प्राथमिक टप्प्यावर १७. शिक्षण हक्क कायद्याने प्राथमिक स्तरावर ३० आणि उच्च प्राथमिक स्तरावर ३५ ही कमाल मर्यादा घातली आहे, तिच्या आपण खूपच आत आहोत. मग अडचण कुठे आहे?

अडचण अशी की कोणतेही मूल सरासरी शाळेत शिकत नाही. याच २०२४-२५ च्या माहितीत एक लाखाहून अधिक शाळा एकशिक्षकी आहेत आणि जवळपास आठ हजार शाळांत एकही विद्यार्थी नाही. रिकामी शाळा आणि उभ्याने शिकणारी मुलगी एकाच कोष्टकात बेरजेला घेतली की उत्तर समाधानकारक येते.

लोकसंख्या घटत असतानाच ती जागाही बदलते आहे, आणि दुसऱ्या गोष्टीचा वेग पहिलीपेक्षा जास्त आहे. २००१ ते २०११ या दशकात मुंबई शहर जिल्ह्याची लोकसंख्या साडेसात टक्क्यांनी घटली. त्याच दशकात शेजारच्या (तेव्हाच्या अखंड) ठाणे जिल्ह्याची ३६ टक्क्यांनी वाढली. दिल्लीत ‘नवी दिल्ली’ आणि ‘मध्य’ हे जिल्हे आकसले आणि कडेचे फुगले. सुरत जिल्हा ४२ टक्क्यांनी वाढला. गिरगाव-परळच्या शाळांत तुकड्या बंद होत असताना वसई-विरारच्या पट्ट्यात त्या अपुऱ्या पडत होत्या. राज्याच्या पातळीवर पाहिले तर वजाबाकी होऊन शून्याच्या आसपास काहीतरी शिल्लक राहिले असेल, आणि त्या शून्यावर कोणीतरी ‘अतिरिक्त खोल्यांची आवश्यकता नाही’ असा शेराही मारला असेल.

यातली सर्वांत गंभीर गोष्ट म्हणजे ही उदाहरणे देण्यासाठी मला २०११ पर्यंत मागे जावे लागते. २०२१ ची जनगणना झाली नाही. आता होणाऱ्या जनगणनेचा संदर्भ दिनांक १ मार्च २०२७ आहे (हिमाच्छादित प्रदेशांसाठी १ ऑक्टोबर २०२६). २०११ साली पहिलीत बसलेले मूल या काळात महाविद्यालयातून पदवी घेऊन बाहेर पडले. वस्तीनिहाय, वॉर्डनिहाय मुले कुठे आहेत, याचा एकमेव संपूर्ण नकाशा आपल्याकडे तेव्हाचाच आहे.

खोली मंजूर कशी होते

वाचकांपैकी ज्यांचा शाळा व्यवस्थापनाशी संबंध आला नसेल, त्यांच्यासाठी एक खोली कशी जन्माला येते हे सांगितले पाहिजे. शाळा आपली माहिती यूडायसमध्ये भरते. ती गटाकडे, जिल्ह्याकडे, राज्याकडे जाते. तिच्या आधारे ‘समग्र शिक्षा’ योजनेचा वार्षिक कृती आराखडा आणि अंदाजपत्रक तयार होते. केंद्रातील प्रकल्प मान्यता मंडळ त्यावर चर्चा करून मान्यता देते. बहुतेक राज्यांत केंद्राचा वाटा ६० टक्के, राज्याचा ४०. ईशान्येकडील व हिमालयीन राज्यांत ९० आणि १०. निधी हप्त्याहप्त्याने उतरतो. मग निविदा, मग पावसाळा, मग काम. सगळे सुरळीत झाले तरी ज्या पटसंख्येवरून मागणी केली, ती मुले तोवर दोन-तीन इयत्ता पुढे गेलेली असतात. प्राथमिक शाळेत मुलाची पाच वर्षेच असतात, हे लक्षात घेतले तर आपण नेहमी पुढे निघून गेलेल्या मुलांसाठीच खोल्या बांधतो.

कायद्याची रचनाही याला हातभार लावते. शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीत पहिली ते पाचवीसाठी ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक, ९० पर्यंत तीन, १२० पर्यंत चार, २०० पर्यंत पाच, अशी पायरी आहे आणि प्रत्येक शिक्षकामागे निदान एक वर्गखोली असावी असे म्हटले आहे. १९८७ च्या ‘खडू-फळा’ मोहिमेने दोन शिक्षक आणि दोन खोल्यांचे किमान ध्येय ठेवले होते, त्या तुलनेत ही मोठीच मजल होती. परंतु त्यामुळे खोलीची गरज मंजूर शिक्षकांवरून ठरते, शिक्षकांची मंजुरी गेल्या वर्षीच्या पटावरून ठरते आणि पट तर खोलीवरच अवलंबून असतो. जागा नाही म्हणून ज्याला परत पाठवले, ते मूल पटावर येत नाही. जे पटावर नाही, त्याच्यासाठी जागा मागता येत नाही. महाराष्ट्रात संचमान्यतेच्या वादात गुरफटलेल्या मुख्याध्यापकांना हे चक्र मी समजावून सांगण्याची गरज नाही.

बिहारमध्ये याच्या उलट घडले. तेथे जननदर अजूनही ३ च्या आसपास आहे, म्हणजे देशात सर्वाधिक. २०२३-२४ मध्ये त्या राज्याने लोकसेवा आयोगामार्फत एक लाखाहून अधिक शिक्षक अल्पावधीत नेमले. कामगिरी निःसंशय मोठी होती. पण अनेक शाळांत शिक्षक आले तेव्हा त्यांना उभे राहायला स्वतंत्र खोली नव्हती. एकाच दालनात दोन इयत्ता दोन दिशांना तोंड करून बसवाव्या लागल्या. त्याच सुमारास दीर्घकाळ गैरहजर असलेल्या लाखो विद्यार्थ्यांची नावे तेथे पटावरून कमी करण्यात आली. त्यांतली काही दुबार होती, काही खासगी शाळांत जाणारी होती. आणि काही, मला भीती वाटते, वर्गात बसायला जागा नसल्यामुळेच येईनाशी झालेल्या मुलांची असावीत.

तासांचा हिशेब

खोली कमी पडली की शाळा वेळ कापते. भिंती ताणता येत नाहीत, घड्याळ ताणता येते. दिल्लीत अनेक सरकारी शाळा दोन सत्रांत चालतात, सकाळी मुली आणि दुपारी मुले. हे आता इतके रूढ झाले आहे की ती तात्पुरती व्यवस्था होती, याचाच विसर पडला आहे. २०२४ साली दिल्ली उच्च न्यायालयासमोर आलेल्या जनहित याचिकेत त्यापुढची पायरी उघड झाली. ईशान्य दिल्लीतील काही शाळांत मुलांना दिवसातून जेमतेम दोन तास किंवा एक दिवसाआड बोलावले जात होते. न्यायालयाने त्याबद्दल शिक्षण खात्याची कानउघाडणी केली.

शिक्षण हक्क कायद्यानुसार सहावी ते आठवीसाठी वर्षाला २२० कामाचे दिवस आणि १००० अध्यापन तास बंधनकारक आहेत; पहिली ते पाचवीसाठी २०० दिवस आणि ८०० तास. दिवसाला दोन तास शाळा भरली, तर २२० दिवसांत ४४० तास होतात. एक दिवसाआड भरली तर ११० दिवस. आठवीपर्यंतची तीन वर्षे अशी काढलेल्या मुलीला प्रत्यक्षात सव्वा-दीड वर्षाचे शिक्षण मिळते. तिच्या प्रगतिपुस्तकात मात्र इयत्ता तीन वाढतात. पुढे ती दहावीत अनुत्तीर्ण झाली तर दोष तिचा, तिच्या शिक्षकांचा किंवा तिच्या घरच्यांचा ठरेल; नसलेल्या खोलीचा उल्लेख कुठेच येणार नाही.

दिल्लीने २०१५ नंतर हजारो वर्गखोल्या बांधल्या, हे नोंदवले पाहिजे. त्यांच्या खर्चाबाबतचे आरोप चौकशांपर्यंत गेले, तेही नोंदवले पाहिजे. परंतु माझ्या दृष्टीने महत्त्वाचा प्रश्न वेगळा आहे: त्या कुठे बांधल्या गेल्या? जिथे शाळेच्या आवारात मोकळी जागा होती तिथे बांधणे सोपे होते. जिथे मुले होती तिथे जागाच नव्हती. दिल्लीत १,७०० हून अधिक अनधिकृत वसाहती आहेत. त्यांच्या आराखड्यात शाळेचा भूखंड नाही, कारण त्यांना आराखडाच नाही. केंद्राच्या २०१४ च्या नगर नियोजन मार्गदर्शक तत्त्वांत दर ५,००० लोकसंख्येमागे एक प्राथमिक शाळा आणि तिच्यासाठी ०.४ हेक्टर जमीन सांगितली आहे. लाख माणसांची दाट वस्ती आधी वसली आणि मग कोणी तिथे आठ हेक्टर जमीन शोधू लागले, तर ती त्याला कशी मिळणार?

जी खोली मोजू नये

गर्दी केवळ शिक्षणाचे नुकसान करते असे नाही. सप्टेंबर २००९ मध्ये दिल्लीच्या खजुरी खास भागातील एका सरकारी शाळेत जिन्यावर चेंगराचेंगरी होऊन काही विद्यार्थिनी दगावल्या. त्याआधी १६ जुलै २००४ रोजी तामिळनाडूतील कुंभकोणम येथे शाळेला लागलेल्या आगीत ९४ मुले गेली होती. गवती छपराखाली, एकाच अरुंद जिन्याच्या इमारतीत ती दाटीने बसवली होती. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शिक्षणाच्या हक्कात सुरक्षित शाळेचा हक्क अंतर्भूत असल्याचे स्पष्ट केले.

तरीही २५ जुलै २०२५ रोजी राजस्थानच्या झालावाड जिल्ह्यातील पिपलोदी गावात सरकारी शाळेचे छत कोसळून सात मुलांचा मृत्यू झाला. ती खोली त्या सकाळपर्यंत वापरातच होती, म्हणजे शाळेच्या क्षमतेत मोजली जात होती. त्यानंतर राज्यभर पाहणी झाली, धोकादायक खोल्यांना कुलुपे लागली आणि मुले झाडाखाली किंवा शेजारच्या समाजमंदिरात बसू लागली. क्षमतेचे खरे मोजमाप त्या पाहणीत झाले. फक्त त्यासाठी आधी सात मुले जावी लागली. धोकादायक खोली वजा करून उरेल तीच शाळेची क्षमता, असा नियम माहिती भरतानाच लागू केला तर अनेक जिल्ह्यांची ‘पुरेशी’ संख्या एका रात्रीत अपुरी होईल. माझ्या मते ती तशी होऊ द्यावी.

खोली केवळ चार भिंतींची नसते, हेही सुरतेत शिकण्यासारखे आहे. त्या महापालिकेच्या प्राथमिक शाळा गुजरातीबरोबरच मराठी, हिंदी, उर्दू, उडिया, तेलुगू आणि इंग्रजी माध्यमांत चालतात. खानदेशातून गेलेली मराठी कुटुंबे आणि गंजामहून यंत्रमागावर आलेली उडिया कुटुंबे यांची मुले त्यांत शिकतात. एखाद्या प्रभागात गुजराती माध्यमाच्या वर्गात वीस जागा रिकाम्या असल्या, म्हणून शेजारी वाढलेल्या उडिया वस्तीची गरज भागत नाही. तेथे क्षमता माध्यमनिहाय मोजावी लागते आणि कामगारांची ये-जा हंगामानुसार बदलत असल्याने वर्षातून एकदा मोजूनही भागत नाही. हे काम किचकट आहे, पण एक महापालिका ते करू शकते, तर ते अशक्य आहे असे इतरांना म्हणता येणार नाही.

आधी मोजणे

उपाय सांगताना मी कोणत्याही नव्या योजनेचे नाव सुचवणार नाही. नावांची आपल्याकडे टंचाई नाही. हवी आहे ती जुनी आणि कंटाळवाणी रीत. प्रत्येक वॉर्डात पाच-सहा वर्षांपूर्वी किती जन्म झाले आणि यंदा पहिलीत किती मुले आली, यांचे गुणोत्तर काढायचे. समजा, एका वॉर्डात ६०० जन्मांमागे पहिलीत ७८० मुले आली, तर तेथे कुटुंबे बाहेरून येत आहेत. मग पहिलीतून दुसरीत, दुसरीतून तिसरीत जाताना ही संख्या किती वाढते किंवा गळते, हे तीन-चार वर्षांच्या पटावरून पाहायचे. पुढच्या पाच वर्षांचा अंदाज एवढ्यावर उभा राहतो. त्याला महागडी संगणक प्रणाली लागत नाही. मी ज्या बाईंची वही पाहिली, त्यांनी पेन्सिलीने हेच केले होते.

यात एक खाचखळगा आहे. जन्माची नोंद जिथे प्रसूती होते तिथे होते, आई राहते तिथे नव्हे. म्हणून मोठे रुग्णालय असलेल्या वॉर्डात कागदोपत्री मुले भरमसाट आणि वस्तीच्या वॉर्डात जवळपास नाहीत, असे दिसते. पण जन्मनोंदीच्या अर्जात आईचा नेहमीचा पत्ता विचारलेला असतो. २०२३ च्या दुरुस्तीनंतर जन्म-मृत्यू नोंदींचा राष्ट्रीय साठा उभा राहतो आहे आणि १ ऑक्टोबर २०२३ नंतर जन्मलेल्यांना शाळाप्रवेशासाठी हाच दाखला आधार ठरणार आहे. तेव्हा नावे आणि ओळख वगळून, फक्त आईच्या पत्त्यानुसार वॉर्डनिहाय संख्या दर वर्षी शिक्षण खात्याला कळवणे, ही एका परिपत्रकाची बाब आहे. गावाकडे जन्मून शहरात आलेली मुले यात सुटतील. त्यांच्यासाठी अंगणवाडी आणि लसीकरणाची यादी आहे.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने आणखी एक ओझे टाकले आहे, ज्याची चर्चा फारशी होत नाही. पहिलीला सहा वर्षे पूर्ण हवीत, असे केंद्राने फेब्रुवारी २०२३ मध्ये राज्यांना पुन्हा कळवले आणि त्याआधीचे वर्ष ‘बालवाटिके’चे. म्हणजे पाच इयत्तांसाठी बांधलेल्या शाळेत सहावी तुकडी आली. शिवाय वयाची अट ज्या वर्षी बदलते, त्या वर्षी पहिली रिकामी आणि बालवाटिका तुडुंब राहते; तो फुगवटा पुढे इयत्तागणिक सरकत जातो. धोरण म्हणून मी याच्या बाजूने आहे. पण त्या वाढीव तुकडीची खोली कोणत्या अंदाजपत्रकात आहे, हे मी विचारले तेव्हा ती अंगणवाडीच्या इमारतीत बसेल, असे मला सांगण्यात आले. ज्या अंगणवाड्या स्वतःच भाड्याच्या एका खोलीत चालतात, त्यांच्याबद्दल हे बोलले जात होते.

आणि शाळा एकत्रीकरण? उत्तर प्रदेशाने २०२५ मध्ये ५० पेक्षा कमी पटाच्या शाळा जवळच्या शाळांत विलीन करायला घेतले. राजस्थान, मध्य प्रदेश त्याच वाटेने आधीच गेले होते. पाच मुलांच्या शाळेत शिकण्याला मर्यादा आहेत, हे मी मान्य करतो. पण पहिलीतल्या मुलासाठी एक किलोमीटरच्या आत शाळा हे वचन आपण कायद्याच्या नियमांत दिले आहे. विलीनीकरणातून वाचलेला पैसा त्याच राज्याच्या फुगणाऱ्या शहरांतील खोल्यांवर खर्च झाला असता तर युक्तिवादाला काही वजन आले असते. गावातली शाळा बंद करणारा आदेश आणि शहरकडेची खोली मंजूर करणारा आदेश एकाच दिवशी, एकाच सहीने निघालेला मी अजून पाहिलेला नाही.

जमिनीचा प्रश्न शिक्षण खाते एकट्याने सोडवू शकत नाही. हजार घरांच्या प्रकल्पाला परवानगी देताना वाहनतळाच्या जागा मोजल्या जातात. त्या घरांतून किती मुले निघतील आणि ती कोणत्या शाळेत बसतील, हे त्याच अर्जात विचारले जावे. आराखड्यातला शाळेचा भूखंड विकासकाकडून खासगी संस्थेकडे जाण्याआधी सरकारी शाळेसाठी त्यावर पहिला हक्क ठेवावा. जिथे जमीन उरलीच नाही, तिथे चार मजली इमारत, रुंद जिने आणि दोन निर्गमन मार्ग यांसाठी सध्याच्या मापदंडांपेक्षा अधिक खर्चाला प्रकल्प मान्यता मंडळाने संमती द्यावी. आणि दर वर्षीच्या आराखड्यासोबत, पुढच्या तीन वर्षांच्या अंदाजित पटावर निदान काही खोल्या आगाऊ मंजूर करण्याचा अधिकार जिल्ह्याला असावा. अंदाज चुकला तर एखादी खोली रिकामी राहील. तिचे वाचनालय होईल.

त्या यमुनेपलीकडच्या शाळेत दोन वर्षांनी मी दूरध्वनी केला होता. सहावीच्या प्रवेशांचा आकडा वहीतल्या अंदाजापासून फारसा दूर नव्हता, असे बाईंनी सांगितले. खोल्यांचा प्रस्ताव आता रीतसर सादर झाला होता, कारण पटसंख्या निश्चित झाली होती. त्या स्वतः मार्चअखेर निवृत्त होत होत्या आणि वही पुढच्या मुख्याध्यापकांकडे देण्याची त्यांची इच्छा होती. मात्र कार्यभार हस्तांतराच्या यादीत तिच्यासाठी रकाना नव्हता.